‘जरी’च्या मागून ‘तरी’

‘ऑल्दो ही वर्क्ड हार्ड, बट ही फेल्ड.’ नोकरभरतीच्या परीक्षांत इंग्रजीच्या विभागात या घडणीचे वाक्य हमखास आढळते. वाक्याचे चार तुकडे पाडलेले असतात आणि चूक कोणत्या तुकड्यात आहे एवढेच परीक्षार्थीने ओळखावयाचे असते. वरील वाक्यात स्पेलिंग बरोबर आहे, काळ बरोबर आहे, कर्त्याचा आणि क्रियापदाचा मेळही बरोबर आहे. चूक दडली आहे ती ‘बट’ या इवल्याशा शब्दात. ‘ऑल्दो’ने वाक्याचा आरंभ झाला, की पुढे ‘येट’ यावा किंवा नुसता स्वल्पविराम यावा. ‘बट’ला तेथे जागा नाही.

आता हेच वाक्य मराठीत म्हणून पाहावे. ‘त्याने जरी पुष्कळ मेहनत केली, पण तो नापास झाला.’ असे कोणी बोलले तर आपल्या कानाला ते लगेच खटकते. ‘जरी’ उच्चारला गेला की कान ‘तरी’ची वाट पाहू लागतो आणि त्याऐवजी ‘पण’ आला तर ताटात मीठ वाढायचे राहून गेल्यासारखे वाटते. घरच्या भाषेत ही जाण न शिकवता येते. कागदावर इंग्रजी वाक्य आले की मात्र तोच मुलगा गोंधळतो आणि ‘चूक नाही’ या पर्यायावर खूण करून मोकळा होतो.

ही चूक महाग पडते. बँकांच्या लिपिक श्रेणीच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे तीस प्रश्न वीस मिनिटांत सोडवावयाचे असतात. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेत पहिल्या टप्प्याच्या शंभर प्रश्नांपैकी पंचवीस इंग्रजीचे असतात. दोन्हीकडे चुकीच्या उत्तराबद्दल त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो. बँकांच्या लिपिक भरतीत बाकीचे विभाग आता मराठीतून वा गुजरातीतून सोडवता येतात. इंग्रजीच्या विभागाला मात्र ही सवलत असणे शक्य नाही, तो इंग्रजीतच सोडवावा लागतो. अर्धा-पाऊण गुण इकडेतिकडे झाला की यादीत शेकडो नावांचा फरक पडतो, हे या परीक्षांना बसलेल्या मुलांच्या घरांत सांगावयास नको.

आपल्या सुरतेतील मराठी घरांपुरते बोलायचे, तर येथे आणखी एक गोष्ट आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांतील कितीतरी कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून यंत्रमागांच्या, साडीबाजाराच्या आणि हिऱ्यांच्या कामासाठी येथे आली आणि येथलीच झाली. अशा घरातील मूल आजीशी अहिराणी बोलते, महानगरपालिकेच्या मराठी शाळेत प्रमाण मराठी वाचते, गल्लीत गुजराती ऐकते, बाजारात हिंदी बोलते आणि परीक्षेत इंग्रजीला सामोरे जाते. पाच भाषांच्या या गर्दीत पालकांना वाटू लागते, की घरी मराठी बोलतो म्हणूनच मुलाचे इंग्रजी कच्चे राहते. मग आई आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलू लागते आणि घरातले चांगले मराठीही हळूहळू मोडते. प्रस्तुत लेखकाचे मत याच्या अगदी उलट आहे, निदान जोडीने येणाऱ्या शब्दांच्या बाबतीत तरी. ज्या मुलास मराठीतील जोडी नीट ओळखता येते, त्याची इंग्रजी जोडी निम्मी तयार झालेली असते. उरलेली निम्मी म्हणजे दोन्ही भाषांच्या वाटा नेमक्या कोठे वेगळ्या होतात ते ठाऊक असणे.

पहिली फाटाफूट ‘जर–तर’पाशीच होते. संस्कृतातील ‘यदि–तर्हि’, ‘यथा–तथा’, ‘यावत्–तावत्’, ‘यद्यपि–तथापि’ या जोड्यांचे वंशज आपल्याकडे ‘ज’ आणि ‘त’ यांच्या रूपाने नांदत आहेत : जर–तर, जसा–तसा, जेव्हा–तेव्हा, जोवर–तोवर, जितका–तितका, जरी–तरी. मात्र बोलताना आपण दोन्ही शब्द नेहमी वापरतो असे नाही. ‘असतील शिते तर जमतील भुते’ या म्हणीत ‘जर’ कोठे आहे? ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ यात ‘जितक्या’ कोठे आहे? ‘पाऊस आला तर जाणार नाही’, ‘बोलावले तरी येत नाही’, ही आपली रोजची वाक्ये. मराठीत जोडीतला पहिला शब्द गाळला तरी चालते. दुसऱ्याला हात लावता येत नाही. वाक्याचा सारा भार त्या ‘तर’वर, ‘तरी’वर असतो.

इंग्रजीत नेमके याच्या उलट आहे. तेथे ‘इफ’ हवाच, ‘देन’ बहुधा गळतो. ‘व्हेन’ हवा, पुढचा ‘देन’ नको. ‘ऑल्दो’ हवा, ‘येट’ ठेवला तर ठेवला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपल्यासारख्याच भरगच्च जोड्या होत्या, दोन्ही वाक्यांच्या तोंडी एकेक शब्द असे. काळाच्या ओघात त्या भाषेने दुसरा गडी वजा केला, आपण पहिला. आता ‘मेहनत केली तरी नापास झाला’ हे वाक्य मनात घेऊन आपला मुलगा भाषांतरास बसतो. इंग्रजी पद्धतीप्रमाणे तो पहिला शब्द ‘ऑल्दो’ लिहितो. पण मनातल्या वाक्यातील ‘तरी’ अद्याप जागा मागतच असतो. त्यास तो ‘बट’च्या रूपाने जागा देतो. म्हणजे चूक मराठीच्या सवयीतूनच आली. पण ती अज्ञानामुळे झालेली नाही. त्याने दोन भाषांचे दोन भारवाही शब्द एकाच वाक्यावर लादले, एवढेच. हे एकदा त्याच्या ध्यानी आणून दिले, की पुन्हा पुन्हा पाठांतर करून घ्यावे लागत नाही.

येथे थोडे विषयांतर करून एका पूर्वसूरीचे स्मरण करणे सुरतकर मराठी माणसास शोभेल. ज्या शब्दांना आपण शाळेत ‘उभयान्वयी अव्यये’ म्हणून शिकलो, त्यांचा विचार आधुनिक मराठी व्याकरणात ज्यांनी प्रथम पद्धतशीर मांडला, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर हे काही काळ याच सुरतेत शिक्षक होते. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे. इंग्रजी व्याकरणाची चौकट डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी मराठीची घडण तपासली. त्यांना ‘मराठीचे पाणिनी’ म्हणतात ते याच कामामुळे. मराठीचा हा व्याकरणकार १८४० नंतरच्या वर्षांत सुरतेच्या इंग्रजी शाळेत गुजराती मुलांना इंग्रजी शिकवत होता. येथेच दुर्गाराम मेहताजींशी त्यांचा स्नेह जुळला आणि १८४४ साली ‘मानवधर्मसभा’ स्थापन झाली. दुर्गाराम, दादोबा, दलपतराम, दामोदरदास आणि दिनमणिशंकर अशी ‘द’ अक्षराने आरंभ होणारी पाच नावे तीत असल्यामुळे सुरतेच्या लोकांनी त्यांना ‘पाच दद्दा’ असे गमतीचे नाव दिले होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या ‘भाषांतर पाठमाले’वर मराठी माणूस इंग्रजी शिकला, तीही तर्खडकरांचीच म्हणून ओळखली जाते, पण ते तर्खडकर निराळे, दादोबा नव्हेत. अनेकांची येथे गल्लत होते म्हणून एवढे लिहिले. मराठी, गुजराती आणि इंग्रजी या तीन भाषा एकमेकींशेजारी ठेवून शिकण्या-शिकविण्याची परंपरा या गावास अशी जुनी आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानातील आपली एक आरंभीची वखार १६१२–१३च्या सुमारास येथे थाटली हे लक्षात घेता, इंग्रजी भाषेशी सुरतेचा परिचय तर चारशे वर्षांचा म्हणावा लागेल.

असो. मूळ विषयाकडे वळू. परीक्षकांची सर्वांत आवडती जोडी म्हणजे ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’. शालेय वर्गांत ‘ही जोडी वापरून वाक्य पुन्हा लिहा’ असा प्रश्न येतो आणि भरतीपरीक्षांत चूक शोधावयास सांगतात. साडीबाजारातले एक साधे वाक्य घेऊ. ‘तो केवळ साड्याच नव्हे, तर ड्रेसचे कापडही विकतो.’ दहापैकी सात-आठ मुले याचे भाषांतर असे करतात : ‘ही नॉट ओन्ली सेल्स सारीज, बट ऑल्सो ड्रेस मटेरियल.’ वाचताना काही चुकले आहे असे वाटत नाही, आणि तेथेच फसगत होते. नियम असा, की जोडीतला प्रत्येक शब्द ज्याची जोड लावायची त्याच्या लगेच आधी बसला पाहिजे. येथे जोड साड्यांची आणि कापडाची आहे, विकण्याची नव्हे. म्हणून ‘ही सेल्स नॉट ओन्ली सारीज बट ऑल्सो ड्रेस मटेरियल’ हेच शुद्ध. क्रियापदाला ‘नॉट ओन्ली’ तेव्हाच चिकटेल, जेव्हा पुढेही क्रियापदच येईल : ‘ही नॉट ओन्ली सेल्स सारीज बट ऑल्सो प्रिंट्स देम.’ साड्या विकतो आणि छापतोही.

ही चूक एवढी सर्रास का होते? मराठी वाक्य पुन्हा वाचून पाहावे. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ‘केवळ’ हा शब्द ‘तो’च्या लगेच मागे येऊन बसतो. मुलगा डावीकडून उजवीकडे शब्दामागून शब्द उतरवत जातो : तो – ‘ही’, केवळ नव्हे – ‘नॉट ओन्ली’, आणि मग त्यास आठवते, की इंग्रजीत क्रियापद लवकर यावयास हवे, ते तो तेथे खोचतो. मराठी वाक्यात ‘केवळ’ साड्यांना चिकटून होता, इंग्रजीत तो ‘विकण्या’ला चिकटला. यावर उपाय अगदी सोपा आहे. भाषांतरास बसण्यापूर्वी मराठी वाक्यातील ‘च’ आणि ‘ही’ या दोन चिमुकल्या अक्षरांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. ‘साड्याच’ आणि ‘कापडही’ : ज्या दोन शब्दांना ही अक्षरे चिकटली आहेत, त्यांच्याच आधी इंग्रजीत अनुक्रमे ‘नॉट ओन्ली’ आणि ‘बट ऑल्सो’ ठेवावेत. मराठीने दोन खुणा स्वतःहून लावून ठेवल्या आहेत. इंग्रजी भाषिकास ही सोय नाही, आणि त्यांच्या चांगल्या लेखकांकडूनही या जोडीची जागा चुकते.

जाता जाता एक गुजराती गंमत. गुजरातीत हेच वाक्य ‘मात्र साडीओ ज नहि, पण…’ असे होईल. तेथे ‘मात्र’ म्हणजे केवळ. आपल्या मराठीत ‘मात्र’चा रोजचा अर्थ ‘पण’! दोन्ही भाषांच्या सीमेवर वाढणारे मूल एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकाच दिवशी ऐकते. शिवाय गुजरातीतील ‘पण’ हा ‘परंतु’ही होतो आणि ‘सुद्धा’ही होतो, आपण मराठीतही ‘मी पण येतो’ म्हणतोच. त्यामुळे ‘बट’ लिहिला की ‘सुद्धा’ही आलाच असे मुलास वाटते आणि ‘ऑल्सो’ गळतो. इंग्रजीत ‘ऑल्सो’ नसलेली वाक्ये थोर लेखकांच्या लिखाणात सापडतील. पण प्रश्नपत्रिका काढणारे थोर लेखकांना विचारून प्रश्न काढत नाहीत. परीक्षेत ‘ऑल्सो’ हवाच असे धरून चालावे.

दुसरे मोठे दुखणे नकाराचे. व्यापारी गाव असल्यामुळे ‘ना नफा, ना तोटा’ हे शब्द सुरतेत कोणास समजावून सांगावे लागत नाहीत. ‘नायदर प्रॉफिट नॉर लॉस’ ही त्याची हुबेहूब प्रतिकृती. ‘ना’च्या जागी ‘नायदर’, दुसऱ्या ‘ना’च्या जागी ‘नॉर’. दोन्ही शब्दांत नकार पोटातच आहे, म्हणून निराळा ‘नॉट’ नको. इतके सरळ असूनही मुले ‘ही डज नॉट नायदर स्टडी नॉर प्ले’ असे का लिहितात? कारण बोलताना आपण ‘ना’चे वाक्य क्वचितच वापरतो. आपण म्हणतो, ‘तो अभ्यासही करत नाही आणि खेळतही नाही.’ दोन वेळा आलेला हा ‘नाही’ इंग्रजीत डोकावतो. अशा वेळी वाक्य आधी मनातल्या मनात ‘ना’च्या साच्यात ओतून घ्यावे (‘तो ना अभ्यास करतो, ना खेळतो’) आणि मग उतरवावे. दोन इंग्रजी शब्दांच्या आड ‘नॉट’ घुसण्यास फट उरत नाही.

याहून फसवे वाक्य ‘दोघेही भाऊ आले नाहीत’ हे. शब्दशः ते ‘बोथ द ब्रदर्स डिड नॉट कम’ असे होते आणि परीक्षक तेथे लाल रेघ ओढतो. कारण इंग्रजी वाचकास त्यातून ‘दोघे नाही आले, एकच आला’ असाही अर्थ काढता येतो. मराठीत ‘दोघेही नाही’ म्हणजे एकही नाही, यात शंकेस जागाच नसते. म्हणून तेथे ‘नायदर ऑफ द ब्रदर्स केम’ असेच म्हणावयास हवे. ‘बोथ’ नकाराच्या घरी जेवत नाही, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. ‘बोथ’चा जोडीदार ‘ॲण्ड’. त्याच्या जागी ‘ॲज वेल ॲज’ बसविलेला दिसला तर तेही चूकच समजावे.

‘लेस्ट… शुड’ ही जोडी आता बोलण्यातून जवळजवळ गेली आहे. पण प्रश्नसंचांत ती अमर आहे. ‘पडू नये म्हणून जपून चाल’ या वाक्यातला ‘नये’ मुलास छळतो आणि तो ‘वॉक केअरफुली लेस्ट यू शुड नॉट फॉल’ असे लिहितो. ‘लेस्ट’मध्येच ‘न होवो’ हा अर्थ असल्यामुळे तो ‘नॉट’ जादा आहे. येथे आपली आजी कामी येते. ती नातवास ‘पडू नये म्हणून’ वगैरे पुस्तकी बोलत नाही. ती म्हणते, ‘जपून चाल रे, नाहीतर पडशील!’ हेच ‘लेस्ट’चे खरे भाषांतर. ‘नाहीतर’ म्हणजे ‘लेस्ट’. ‘पडशील’ म्हणजे ‘यू शुड फॉल’. पुढच्या अर्ध्या वाक्यात नकाराचा मागमूस नाही. ‘अन्लेस’लाही हाच न्याय लागू आहे, कारण ‘जर नाही’ हा अर्थ त्याच्या पोटात आधीच आहे. ‘अन्लेस यू डोन्ट वर्क’ असे लिहिणारा मुलगा ‘जर काम केले नाही नाही’ असे म्हणत असतो.

आता ‘नो सूनर… दॅन’. या एका जोडीने जितके गुण घालविले असतील तितके क्वचितच दुसरीने घालविले असतील. पुस्तकात नुसते लिहिलेले असते, की ‘नो सूनर’नंतर ‘दॅन’ आणि ‘हार्डली’ वा ‘स्केअर्सली’नंतर ‘व्हेन’. मुले ते घोकतात आणि ऐन वेळी उलटे करतात. कारण समजले तर घोकावे लागत नाही. ‘सूनर’ हे तुलनेचे रूप आहे, ‘अधिक लवकर’ अशा अर्थाचे. आणि इंग्रजीत तुलना आली की ‘दॅन’ येणारच, जसा ‘टॉलर’नंतर येतो, ‘बेटर’नंतर येतो. ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम. त्यात कोणाशी तुलनाच नाही, तर ‘दॅन’ कोठून येणार? ‘पाऊस जेमतेम थांबला होता, तेव्हा…’ म्हणून ‘व्हेन’.

मराठीत ‘नो सूनर’साठी फार सुंदर साचा आहे. ‘तो घराबाहेर पडतो न पडतो तोच पाऊस सुरू झाला.’ ‘पडतो न पडतो’ यातला ‘न’ म्हणजे ‘नो’, आणि ‘तोच’ म्हणजे ‘दॅन’. घराघरांत हे वाक्य रोज कोणीतरी बोलत असते. ‘चहा ठेवते न ठेवते तोच पाहुणे दारात!’ आईच्या तोंडचे हे वाक्य उचलून मुलास म्हणावे, कर याचे इंग्रजी. ‘नो सूनर डिड शी पुट द टी ऑन दॅन द गेस्ट्स अराइव्ह्ड.’ येथे एक गोष्ट मात्र मराठीतून मिळणार नाही, ती शिकावीच लागेल. ‘नो सूनर’, ‘हार्डली’, ‘स्केअर्सली’ यांनी वाक्य सुरू झाले, की पुढचा भाग प्रश्नार्थक वाक्यासारखा उलटतो : ‘डिड शी’, ‘हॅड ही’. आणि ‘डिड’ आला की क्रियापद मूळ रूपात जाते. ‘नो सूनर डिड ही लेफ्ट’ या वाक्यात परीक्षकाने चूक ‘दॅन’पाशी न ठेवता ‘लेफ्ट’पाशी ठेवलेली असते, जोडीवर नजर खिळलेल्या मुलाच्या ती ध्यानातच येत नाही. ‘डिड’सह ‘लीव्ह’ किंवा ‘हॅड’सह ‘लेफ्ट’, दोन्ही चालतात.

क्रियापदाच्या वचनाचा प्रश्न मराठी मुलास खरे म्हणजे सोपा जावा. ‘भाऊ किंवा बहीण आली असेल’ असे आपण म्हणतो. क्रियापद जवळच्या शब्दाप्रमाणे चालते. ‘आयदर… ऑर’ आणि ‘नायदर… नॉर’ यांतही तोच नियम : ‘नायदर द मॅनेजर नॉर द क्लार्क्स वेअर प्रेझेंट.’ ‘क्लार्क्स’ जवळ आहेत म्हणून ‘वेअर’. ‘ॲज वेल ॲज’ मात्र या पंक्तीत बसत नाही. तेथे पहिला शब्द धनी : ‘द मॅनेजर ॲज वेल ॲज द क्लार्क्स वॉज प्रेझेंट.’ याचे मराठी ‘आणि’ने करू नये, ‘-सह’ने करावे. ‘कारकुनांसह मॅनेजर हजर होता’ असे म्हटले की धनी कोण आणि सोबतीला कोण ते आपोआप उघड होते.

काही किरकोळ जोड्या एका दमात सांगून टाकतो. ‘दहा ते बाराच्या दरम्यान’ यातल्या ‘ते’मुळे ‘बिट्वीन टेन टू ट्वेल्व्ह’ लिहिले जाते. तेथे ‘ॲण्ड’ हवा, ‘टू’ ‘फ्रॉम’चा सोबती आहे. ‘याचे कारण असे की’ यातील ‘असे की’ म्हणजे ‘दॅट’, म्हणून ‘द रीझन इज’नंतर ‘बिकॉज’ नको. ‘इतका… की’ म्हणजे ‘सो… दॅट’, यात भीतीचे काहीच नाही. ‘येईल की नाही’ यातील ‘की’साठी ‘व्हेदर… ऑर’ लक्षात ठेवावी. आणि ‘जितका–तितका’? ‘जितके वाचावे तितके कमीच’, या वाक्याच्या घाटासाठी इंग्रजीत ‘द मोअर… द मोअर’ आहे. त्यातील ‘द’ हे नेहमीचे उपपद नाही. पूर्वी सांगितलेल्या हजार वर्षांपूर्वीच्या जोडशब्दांचा तो उरलेला अवशेष आहे, आणि म्हणूनच दोन्ही बाजूंना तो लागतो. दोन्ही पाय शाबूत असलेली अशी जोडी इंग्रजीत आता विरळाच. मुले दुसरा ‘द’ विसरतात. ‘तितके’ विसरून मराठी वाक्य बोलून दाखव, असे त्यांना सांगावे, म्हणजे काय होते ते त्यांचे त्यांनाच ऐकू येईल.

हे सारे करून घेण्यासाठी पालकास उत्तम इंग्रजी येण्याची गरज नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. यंत्रमागावर पाळी करून आलेला बाप किंवा घरी साड्यांना टिकल्या लावणारी आई इंग्रजी वाक्याची चूक काढू शकणार नाही, कबूल. पण मुलाने त्या वाक्याचे मराठी करून मोठ्याने वाचले, तर ते मराठी सरळ आहे की वाकडे, हे त्या दोघांना मुलापेक्षा अधिक कळते. मुलाने चूक सापडेना म्हणून अडलेले वाक्य आईला मराठीत सांगावे, आईने ते आपल्या बोलीत परत म्हणावे. ‘तरी’, ‘तोच’, ‘नाहीतर’, ‘ही’ हे शब्द ती कोठे घालते ते मुलाने टिपावे. अहिराणीत म्हटले तरी काही बिघडत नाही. शिकवणीच्या वर्गात पाचशे प्रश्नांचा संच सोडविण्यापेक्षा अशी दहा वाक्ये अधिक काम करतात, असे पुष्कळ मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. जिवंत इंग्रजी आणि उत्तरपत्रिकेतील इंग्रजी यांत अंतर असते. ‘नॉट’ आला तर ‘ॲज… ॲज’ऐवजी ‘सो… ॲज’ हवा, असा नियम रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणावर वाढलेल्या पिढ्यांनी पाठ केला. आजच्या इंग्रजीत दोन्ही रूपे शुद्ध मानली जातात. ‘लेस्ट’नंतर ‘शुड’ न घालता नुसते मूळ क्रियापद ठेवण्याची रीतही जुनी आणि प्रतिष्ठित आहे. ‘ऑल्दो’नंतरचा ‘येट’ गाळला तर बिघडत नाही, हे वर आलेच आहे. तरीही जुन्या वळणाचा परीक्षक रिकाम्या जागेत ‘येट’च मागतो. अशा वादग्रस्त जागी परीक्षार्थीने वाद घालू नये. आधी वाक्याच्या इतर तीन तुकड्यांत उघड चूक आहे का ते पाहावे, आणि असेल तर तिच्यावरच खूण करावी. ती नसेल तरच जुन्या नियमाचा आधार घेऊन ‘ॲज’च्या जागी ‘सो’ मागावा. आणि दोन्ही बाजू सारख्याच वाटल्या तर तो प्रश्न कोरा सोडून पुढे जावे, पाव गुण तरी हातचा राहतो.